सूचनेत साल लिहायला हवे होते

[रविवार, रात्री ९.१२] देशपांडे, ए-४०२ :
सांस्कृतिक समितीला एक विचारायचे आहे. फलकावर ‘रविवारी सायंकाळी सहा वाजता सभागृहात वागले की दुनिया’ एवढेच लिहिले होते. १९८८ साली दूरदर्शनवर लागलेली, आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून उतरलेली आणि कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली मालिका दाखवणार, या समजुतीने मी आणि माझी पत्नी लिफ्ट बंद असतानाही चार मजले उतरून आलो. प्रत्यक्षात लागली ती २०२१ साली सुरू झालेली नवी मालिका. आम्ही दहा मिनिटांत उठलो.

[९.१५] साने, सी-१०२ :
सूचनेत साल लिहायला हवे होते.

[९.२१] कुलकर्णी, बी-२०१ (सांस्कृतिक समिती) :
काका, आपल्याला त्रास झाला याबद्दल दिलगीर आहे. परंतु दहा मिनिटांत उठलात म्हणून एक गोष्ट नमूद करते. नव्या मालिकेतही श्रीनिवास वागळे म्हणून अंजन श्रीवास्तवच आहेत आणि राधिका म्हणून भारती आचरेकरच आहेत. ते आता आजी-आजोबा झाले आहेत आणि घराचा भार मुलगा राजेश, म्हणजे सुमीत राघवन, उचलतो आहे. गाजलेली मालिका पुन्हा काढताना जुनी माणसे सहसा बाजूला सारली जातात, तसे इथे केलेले नाही.

[९.२९] देशपांडे, ए-४०२ :
कलाकार मला ठाऊक आहेत, वहिनी. माझा आक्षेप मांडणीवर आहे. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस व्यंगचित्रात कधी तोंड उघडत नसे. वागळे बोलत, पण बेताचे बोलत. कारकुनाच्या घरातली एखादी बारीकशी अडचण अर्ध्या तासात सुरू होऊन संपे आणि तिचे तात्पर्य आम्हाला कोणी समजावून सांगत नसे. गाडीची धडक बसते त्या भागात शाहरुख खान होता. तेव्हा त्याचे नाव फारसे कोणाला माहीत नव्हते, तरी तो प्रसंग आजही लक्षात आहे. नवी मालिका रोज दाखवायची म्हणून ताणली जाते आणि शेवटी कोणीतरी कोणाला तरी शहाणपण शिकवते.

[९.३३] वागळे, बी-५०४ :
मला दोन्ही मालिकांविषयी एकच तक्रार आहे. आडनाव वागळे आहे, ‘वागले’ नाही. पहिली मालिका लागल्यापासून कचेरीत मला याच नावाने हाक मारत असत.

[९.३४] नाईक, डी-१०१ :
वागळेसाहेब, हिंदीत ळ नाही, त्याला ते काय करणार? आपण मानधन मागून पाहावे 😄

[९.३६] वागळे, बी-५०४ :
आपले आडनाव कोणी बिघडवले असते तर आपण हसला नसता.

[९.३७] साने, सी-१०२ :
मूळ मुद्दा बाजूला पडत आहे. सूचनेत साल लिहायला हवे होते.

[९.४४] पवार, डी-३०३ :
देशपांडेकाकांचा मान राखून मी असहमती नोंदवते. ज्याला आपण शहाणपण शिकवणे म्हणता, त्याचा आमच्या घरी उपयोग झाला आहे. राजेशच्या पत्नीला, वंदनाला, स्तनाचा कर्करोग झाल्याचे कथानक सुरू होते तेव्हा माझ्या सासूबाई प्रथमच या विषयावर माझ्याशी बोलल्या आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघी तपासणी करून आलो. १९८८ सालच्या मालिकेत हा शब्द कोणी उच्चारला असता असे मला वाटत नाही.

[९.४८] जोगळेकर, ए-१०३ (खजिनदार) :
सभागृहातला टीव्ही गणेशोत्सवाच्या शिलकेतून घेतला, तेव्हा या गटावर विरोध कोणी केला होता, याची आठवण करून द्यावीशी वाटते. आज त्याच टीव्हीवर काय दाखवावे, याचा आग्रह धरला जात आहे.

[९.४९] देशपांडे, ए-४०२ :
विरोध मी केला होता आणि तो खर्चाला होता. त्याचा इथे संबंध नाही.

[९.५८] घाटे, सी-४०३ :
मी सहसा या गटावर लिहीत नाही. माझ्या आई आता शहाऐंशी वर्षांच्या आहेत. सकाळी काय जेवल्या ते त्यांना संध्याकाळी आठवत नाही. आज दुसऱ्या रांगेत त्या माझ्याजवळ बसल्या होत्या. राधिका बोलू लागली तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, “ही माणिक वर्मांची मुलगी ना गं? केस किती पिकले हिचे!” त्यानंतर आमच्या परळच्या चाळीतला, लाकडी शटर असलेला टीव्ही, दाराबाहेरचा चपलांचा ढीग आणि उंबरठ्यावर बसून वागळे पाहणारे माझे वडील, हे सगळे त्या क्रमाने सांगत गेल्या. वडील जाऊन अकरा वर्षे झाली. राधिकेच्या जागी दुसरी कोणी तरुण नटी असती, तर यातले काही झाले नसते. समितीचे मनापासून आभार.

[१०.१०] कुलकर्णी, बी-२०१ :
ताई, आईंना माझा नमस्कार सांगा. पुढच्या वेळी त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवू.

[१०.२६] देशपांडे, ए-४०२ :
घाटेताईंचा संदेश पत्नीला वाचून दाखवला. १९८८ साली मी चाळिशीत होतो, म्हणजे श्रीनिवास वागळेंच्याच बरोबरीचा. तेही नोकरदार, मीही नोकरदार. आज ते पडद्यावर सोफ्याचा हात धरून उठताना दिसले आणि मला पाहवेना. मी उठलो त्याचे खरे कारण ते होते. ते लिहायचे सोडून मी आधी बाकीचे लिहिले. मालिका ताणली जाते हे माझे मत मात्र कायम आहे.

[१०.३१] पवार, डी-३०३ :
काका, ताणली जाते हे मलाही मान्य आहे. आठवड्यातून एकदाच लागली असती तर अधिक नेटकी झाली असती.

[१०.४०] कुलकर्णी, बी-२०१ (सांस्कृतिक समिती) :
पुढील रविवारी सायंकाळी सहा वाजता १९८८ सालच्या ‘वागले की दुनिया’चे दोन भाग आणि त्यानंतर २०२१ नंतरच्या मालिकेचा एक भाग दाखवण्यात येईल. जुने भाग मिळवण्याची जबाबदारी माझी. लिफ्ट तोपर्यंत सुरू करून देण्याची विनंती सचिवांना केली आहे.

[१०.४१] साने, सी-१०२ :
साल लिहिल्याबद्दल आभार.

[१०.४३] वागळे, बी-५०४ :
फलकावर तरी ळ लिहावा.

[१०.४७] देशपांडे, ए-४०२ :
पत्नीसाठी भिंतीलगत, हात असलेली एक खुर्ची ठेवावी. आम्ही तिन्ही भाग पाहू.