माहितीपत्रकात ३५ अंश, खोलीत ३९ : खान्देशातल्या कंप्युटरवेड्यांनो, तुमचे अनुभव लिहा

जळगाव

परवा दुपारी अडीच वाजता गेम चालू असताना लॅपटॉप धाडकन बंद पडला. कूलर चालू, पडदे ओढलेले, तरी खोलीत ३९. मग सोबत आलेलं माहितीपत्रक पहिल्यांदा नीट वाचलं तर त्यात लिहिलंय की आजूबाजूचं तापमान ३५ च्या आत असावं. आयफोनला पण तेच, ० ते ३५. स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं गेमचं मशीन बनवणाऱ्या व्हॉल्वने २०२२ च्या जुलैत युरोपात उष्णतेची लाट होती तेव्हा लोकांना मुद्दाम सांगितलं होतं की ३५ च्या वर गेलं तर मशीन हळू चालू शकतं, आतली चिप १०० अंशाला वेग कमी करते आणि १०५ ला बंदच होते. आपल्याकडे मे महिन्यात ४५ म्हणजे काही नवीन नाही.

लॅपटॉपमधला पंखा काही थंडी तयार करत नाही हो, तो फक्त खोलीतलीच हवा चिपवर फिरवतो. खोली पंधरा अंश जास्त गरम तर चिपही साधारण तेवढीच जास्त गरम. आणि आपण ज्यांचे व्हिडिओ बघून लॅपटॉप घेतो ते एसीमध्ये बसून टेस्ट करतात. तिथं ७८ दिसतं, आपल्या घरी नव्वदीच्या पुढे जातं. मला मनापासून वाटतं की आपल्या भागातल्या माणसाने वस्तू घेताना फ्रेम रेट (गेम सेकंदाला किती चित्रं दाखवतो ते) नंतर बघावा, आधी ती मे महिन्यात टिकेल का ते बघावं. पण हे आपल्याला कोण सांगणार, आपणच एकमेकांना सांगायचं. म्हणून लिहा सगळ्यांनी. पहिलं मशीन कोणतं, काय खेळलात, काय बनवलंत, ऊन आणि लाइट यातून ते कसं जपलं.

भुसावळ

वडील रेल्वेत, आम्ही क्वार्टरमध्ये. २००४ ला पप्पांनी कर्ज काढून पेंटियम ४ घेतला, २५६ एमबी रॅम, ४० जीबी हार्डडिस्क आणि तो मोठा डब्बा मॉनिटर, जो एकटाच अर्धी खोली तापवायचा. स्टेशनवरच्या स्टॉलवरून डिजिट मासिक आणायचो, खरं तर त्याच्यासोबतच्या सीडीसाठी. गेमचे डेमो असायचे, एक लेव्हल खेळायला मिळायची, तीच एक लेव्हल आम्ही चौघं मित्र महिनाभर खेळायचो आणि पुढच्या लेव्हलमध्ये काय असेल यावर मैदानात भांडायचो.

नंतर बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं. आमच्या प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ कितीही डाउनलोड करा, हिशोबात धरायचे नाहीत. मी पावणेदोनचा गजर लावून उठायचो, आई म्हणायची परीक्षेला तर कधी उठला नाहीस असा. उबंटू या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टीमची सातशे एमबीची फाईल तीन रात्रीत उतरली कारण मध्येच लाइट जायची, मोडेम बंद, मग परत सुरू. शेवटी डाउनलोड मॅनेजर टाकला जो तुटलेल्या ठिकाणापासून पुढे घ्यायचा, तेव्हा कुठे जमलं. आज मी सर्व्हरचंच काम करतो, त्याची सुरुवात त्या तीन रात्री आहेत असं मी कुणालाही सांगतो.

आणि एक, कॅबिनेट कूलरच्या समोर ठेवू नका. आम्ही दोन उन्हाळे ठेवला. बोअरच्या पाण्याचे बारीक तुषार क्षारासकट आत जायचे, चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकवर पांढरा थर, मदरबोर्डचे पॉइंट हिरवे पडले आणि बोर्ड गेला. कूलरची थंड हवा खोलीत येऊ द्या, मशीनच्या तोंडावर नको.

धुळे, देवपूर

आपलं शिक्षण कॅफेत झालं भो. तासाला वीस रुपये, सहा मशीन, ती एकमेकांना जोडणारा एक नेटवर्क स्विच, आणि काउंटर स्ट्राइक १.६. डस्ट २ चा मॅप म्हणजे पिवळ्या भिंती, वाळू आणि ऊन, आम्हाला तो आपल्याच गावाबाहेरचा वाटायचा. कॅफेवाल्या भाऊंनी सगळ्या कॅबिनेटची बाजूची पत्री काढून ठेवलेली, दर रविवारी सकाळी ब्लोअर घेऊन बसायचे, मी बाजूला बसून बघायचो, मग त्यांनी ब्लोअर माझ्या हातात दिला. आता माझं स्वतःचं दुकान आहे, असेंबल करून देतो.

गिऱ्हाईक येतं आणि विचारतं ग्राफिक कार्ड कोणतं. मी विचारतो घरी इन्व्हर्टर कोणता. कारण असं आहे बघा, एटीएक्स एसएमपीएसमध्ये, म्हणजे कंप्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यात, लाइट गेल्यावर आतल्या कपॅसिटरवर मशीन जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतं. घरच्या इन्व्हर्टरला मागे किंवा पुढे एक बटण असतं, यूपीएस मोड आणि साधा मोड. साध्या मोडला लाइट बदलायला त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, पंखा-ट्यूबला काही कळत नाही पण कंप्युटर रिस्टार्ट होतो. लोक वर्षानुवर्षं रॅम बदलतात, विंडोज टाकतात, आणि कारण असतं ते एक बटण. दुसरं, इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर नवीन चांगले एसएमपीएस, ज्यांच्यात ॲक्टिव्ह पीएफसी असतं, ते त्याच्यावर नीट चालतीलच असं नाही, काही वेळा लाइट जाताच बंद पडतात. प्युअर साइन वेव्ह घ्या, चार पैसे जास्त जातात पण घ्या. आणि अर्थिंग तपासा. अर्ध्या धुळ्यात सॉकेटच्या अर्थिंगच्या पिनला वायरच जोडलेली नसते असा माझा अनुभव आहे, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि लोक म्हणतात असंच असतं. असं नसतं, तेवढं मनावर घ्या.

रावेर

आमच्याकडे कंप्युटर नाही, मोबाईलच सगळं. २०१६ ला जिओ आलं तेव्हा केळीच्या बागेत बसून पहिल्यांदा पोटभर व्हिडिओ बघितले. मग पबजी, ते २०२० च्या सप्टेंबरात बंद झालं तेव्हा लहान भाऊ जेवला नव्हता त्या दिवशी. पुढच्या वर्षी बीजीएमआय, म्हणजे पबजीचंच भारतातलं रूप, आलं. एवढंच सांगतो, चार्जिंगला लावून खेळू नका. मोबाईल तापला की स्क्रीन आपोआप मंद होते, चार्जिंग थांबतं, ते तो स्वतःला वाचवायला करतो. फ्रिजमध्ये तर अजिबात ठेवू नका, आत पाणी सुटतं. माझा एक असाच गेला.

अमळनेर

मी आणि माझी आजी मिळून अहिराणी व्हिडिओ करतो, आजी बोलते, मी शूट आणि एडिट. सुरुवात मोबाईलवर केली, मग सेकंडहँड लॅपटॉपवर दा विंची रिझॉल्व्ह, त्याचं फुकटचं व्हर्जन पण पुष्कळ आहे आणि व्हिडिओवर शिक्का मारत नाही. पण दुपारी टाइमलाइन हलायची नाही. मग प्रॉक्सी बनवायला शिकले, म्हणजे मूळ क्लिपची हलकी कॉपी करून तिच्यावर काम करायचं आणि शेवटी निर्यात मूळ क्लिपमधून. रेंडर, म्हणजे शेवटचा तयार व्हिडिओ काढणं, मी पहाटे चारला लावते. दुपारी चाळीस मिनिटं लागणारा व्हिडिओ पहाटे पंचवीस-सव्वीसमध्ये होतो, तोच लॅपटॉप, तीच फाईल, मी दोनदा करून बघितलं कारण विश्वास बसत नव्हता. आजी उठून बघते आणि म्हणते, "रातले काय ते डबडं लिसन बशी राहिनी, झोप ना माय."

माझं दुखणं वेगळं आहे. अहिराणीचे सबटायटल सगळे हाताने टाइप करावे लागतात. मराठी व्हॉइस टायपिंग लावलं तर आजीच्या बोलण्याचं काहीतरी भलतंच लिहून येतं, "शे" (म्हणजे आहे) तर त्याला कळतच नाही. इतकी माणसं ही भाषा बोलतात, गाणी एवढी चालतात, आणि मशीनला ती ऐकू येत नाही याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून मी प्रत्येक व्हिडिओला सबटायटल टाकतेच, कितीही वेळ लागो. कधीतरी कुणाला शिकवायला उपयोगी पडतील.

जळगाव

ताई, ते पहाटेचे आकडे वाचून आज रात्री मी पण करून बघणार आहे. लॅपटॉप कोणता तेवढं सांगाल का?

अमळनेर

आठव्या पिढीचा आय ५ दादा, १६ जीबी रॅम. रॅम वेळेत वाढवली ते बरं झालं, आता भाव कुठच्या कुठे गेलेत.

शिरपूर

रॅमचं खरंय. मी वर्षभर पैसे साठवून पीसी बनवायला निघालो आणि २०२५ च्या शेवटी भाव चढायला लागले. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी तिकडे वळली, मायक्रॉनने तर डिसेंबरात क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. मी ८ जीबीवर थांबलोय आणि एक स्लॉट रिकामा ठेवलाय. कार्ड जीटीएक्स १६५० घेतलं, जुनं आहे पण ७५ वॅट, वेगळी वायर लागत नाही, आणि आमच्या पत्र्याच्या खोलीत ते निभावतं. मोठं कार्ड म्हणजे खोलीत शेगडी लावण्यासारखं आहे.

धडगाव

मी शिक्षक आहे. २०२० ला शाळा बंद होत्या तेव्हा रेंजसाठी मुलं टेकडीवर जायची, मग आम्ही मेमरी कार्डात धडे भरून पाड्यापाड्यावर फिरवले. तेव्हापासून डोक्यात होतं की इंटरनेट नसलं तरी चालेल असं काहीतरी हवं. आता वर्गात रास्पबेरी पाय ४ नावाचा छोटा कंप्युटर आहे, पत्त्यांच्या कॅटएवढा बोर्ड, १५ वॅटचा चार्जर, सोलरच्या बॅटरीवर चालतो. त्यावर जेलीफिन हे साठवलेले व्हिडिओ दुसऱ्या मशीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलंय आणि तोच वायफाय सोडतो. मुलं जुन्या टॅबवर बघतात, नेट लागत नाही. त्यात गणिताचे व्हिडिओ आहेत, आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी पावरी बोलीत सांगितलेल्या गोष्टी आम्हीच रेकॉर्ड करून घातल्यात. सगळ्यात जास्त त्याच बघितल्या जातात. पायला ॲल्युमिनियमचा डबा लावलाय, पंख्याशिवाय, धूळ आत ओढली जात नाही.

पाचोरा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बाबांचा चौथ्या पिढीचा आय ५ विंडोज ११ घेत नाही. फेकायचा म्हणे. ७ वर्षं त्याच्यावर त्यांनी दुकानाचा हिशोब केला. एक एसएसडी टाकली, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकली, मराठी कीबोर्ड लावून दिला. बाबा आता त्यावर कीर्तनं ऐकतात आणि हिशोब पण करतात.

जळगाव

काल रात्री लॅपटॉप उघडला. धुळ्याच्या भाऊंचा ब्लोअर डोक्यात होता. पंख्याच्या जाळीवर कापसाच्या तंतूंची अक्षरशः गादी झाली होती, घराजवळच जिनिंग आहे. ती काढली, चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट बदलली, पॉवर ऑप्शनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ केलं म्हणजे टर्बो बूस्ट, चिपचा जादा वेग, बंद होतो, आणि गेम ६० फ्रेमवर बांधला. आज दुपारी अडीचला, खोलीत ३९ असतानाच, परत तोच गेम लावला. आधी ९७ ला जायचं, आज पाऊण तास खेळलो आणि ८३ च्या वर गेलं नाही. इन्व्हर्टरचं बटणही बघितलं, साध्या मोडवर होतं.