बेळगाव भागात पाकीट, पट्टा, डायरी-कव्हर करायला चामडं आणि हत्यारं कुठं बघावीत?

टिळकवाडी_चित्रकला

नमस्कार. शाळेत चित्रकला शिकवते. सुट्टीत हाताला काहीतरी काम हवं म्हणून चामड्याच्या लहान वस्तू करायचं मनात आहे. यादी छोटी आहे: पाकीट, चष्म्याचं घर, डायरीचं कव्हर, जमला तर यजमानांसाठी कमरेचा पट्टा. ऑनलाइन एक हत्यारांचा सेट मागवला होता. त्यातल्या दातेरी पंचाची टोकं दुसऱ्याच पाकिटाला वाकली. सेटसोबत आलेलं 'लेदर' पाठीमागून कापडासारखं दिसतंय.

बेळगावात बॅगा दुरुस्त करणाऱ्यांना विचारलं. ते म्हणतात, मुंबईला जा. खरंच जावं लागतं काय? आपल्याच जिल्ह्यात अथणी-निपाणीला एवढी चपलांची कामं चालतात, तिथं बाहेरच्या माणसाला फूटभर चामडं देतात का? आणि एक-दोन वस्तूंपुरता माल घेणाऱ्याला दुकानदार उभं तरी करतात का?

उचगावकर

धारावी. रात्रीची बस धरायची, दिवसभर फिरायचं, रात्री परत. एका गल्लीत चामडं, बक्कल, दोरा, अस्तर सगळं मिळतं. दुसरं काही शोधत बसू नका.

निपाणी_पट्टेवाला

ताई, मुंबईचं तिकीट तूर्त राहू द्या. उचगावकर म्हणतात ते खोटं नाही, पण काय मागायचं ते ठाऊक असलेल्यानं धारावीत जावं. नाहीतर दुकानदार जे पुढं टाकेल ते घेऊन याल.

माझं घर निपाणीत. वडील बैलांचे घुंगरांचे पट्टे करायचे, बेंदराच्या आधी आमच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नसायची. आता बैल राहिले किती? मी कमरेचे पट्टे, बॅगांचे बंद आणि कुत्र्यांचे पट्टे करतो. शहरातल्या कुत्र्यांनी आमचा धंदा तगवलाय म्हटलं तरी चालेल.

सगळे आधी हत्यारं विचारतात. मी म्हणतो आधी चामडं ठरवा, कारण तुमच्या यादीतल्या वस्तूंना एकच चामडं चालणार नाही. आपल्या भागात चपलेला लागतं ते बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेलं. त्याला आठवडे लागतात. ते ताठ असतं, रंग कोऱ्या चहासारखा, पाण्याचा थेंब पडला की तेवढा भाग गडद होतो, आणि ओलं करून ठसा मारला की ठसा धरून ठेवतं. दुसरं क्रोमचं. ते क्रोमियमच्या क्षारात झटपट कमावतात, मऊ असतं, बॅगा-जॅकेटला बरं, पण त्याच्यावर नक्षी उठत नाही आणि कडा घोटून गुळगुळीत होत नाहीत. तुम्ही चित्रकलेच्या, तुम्हाला ठसे आणि नक्षी करावीशी वाटणारच. म्हणजे सालीचं घ्या.

दुकानदाराच्या तोंडी सगळंच 'प्युअर व्हेज टॅन', म्हणजे अस्सल सालीचं, असतं. कोपऱ्याची एक चिंधी मागून घ्या आणि घरी उकळत्या पाण्यात टाका. सालीचं चामडं आक्रसून वेटोळं होतं, नीट कमावलेलं क्रोमचं फारसं हलत नाही. दुकानातच बघायचं असेल तर ताजी कापलेली कड बघा. मध्ये निळसर-राखाडी रेघ दिसली तर क्रोम. आरपार रंगवलेल्या मालात ही रेघ दिसत नाही, तेव्हा उकळत्या पाण्याचीच परीक्षा खरी. तुमच्या सेटमधलं पाठीमागून कापडासारखं दिसतं म्हणता, ते बहुतेक कापडावर चढवलेलं रेक्झिन आहे. त्याच्यावर जीव टाकू नका.

आता जाडी. कमरेच्या पट्ट्याला साडेतीन ते चार मिलिमीटर. चष्म्याच्या घराला दोनच्या आसपास, डायरीला दीड. पाकिटाला बाहेरून एक-सव्वा आणि आतल्या खणांना त्याहून पातळ, नाहीतर सहा कार्डं घातली की पाकीट विटेएवढं होतं. ऑनलाइन दुकानं औंसात लिहितात, एक औंस म्हणजे 0.4 मिलिमीटर धरा.

म्हणजे पट्टा आणि चष्म्याचं घर इथल्या चामड्यात होईल. अथणी, मदभावी, निपाणी, कुठंही चपलांच्या कारागिराकडं बसलात तर जाड मालाचे तुकडे किलोवर मिळतात. शिकायला तेच घ्या, कोरं अख्खं चामडं कापायची घाई नको. पट्ट्याला मात्र तुकडा चालत नाही, सलग लांबी लागते आणि ती पाठीची लागते. पोटाकडचं चामडं स्वस्त देतात. ते हातात घेऊन ओढून बघा, लांबतं. त्याचा पट्टा वर्षभरात दोन भोकं पुढं जातो आणि गिऱ्हाईक म्हणतं, माझं पोट कमी झालं!

पाकिटाचं पातळ चामडं इथं शोधण्यात अर्थ नाही. जाड चामडं घरी रापीनं, म्हणजे चांभाराच्या सुरीनं, सोलून सारखं पातळ होत नाही, कडा तेवढ्या छिलता येतात. ते तमिळनाडूकडून मागवा. तिथं 'ईआय (ईस्ट इंडिया) लेदर' म्हणून सालीचं पातळ चामडं होतं, त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. चेन्नईत पेरियामेट ही चामड्याची मोठी पेठ. शेळीचं एक कातडं चार ते सहा चौरस फुटांचं असतं, एका पाकिटाला फूट-दीड फूट पुरतं, वाया जाणारं धरून. अख्खं एक कातडं घेतलंत तर लहान गिऱ्हाईक म्हणून कोणी हाकलत नाही. फुटाफुटानं मागायला लागलात की मग कपाळाला आठ्या पडतात.

बिल नेहमी घ्या. मी म्हैस आणि शेळी सोडून दुसरा माल हातात धरत नाही. महाराष्ट्रात 2015 पासून आणि कर्नाटकात 2020 चा गोवंश हत्याबंदीचा कायदा आल्यापासून चामडं घेऊन हद्द ओलांडताना कोण काय विचारेल सांगता येत नाही. कोगनोळी नाक्यावर गुंडाळी उलगडून दाखवायची वेळ आली तर कागद खिशात पाहिजे. सीमाप्रश्नावर काही पेटलं की बसच तिथून परत फिरते, त्याला तर बिलाचाही उपाय नाही.

हत्यारांचं सांगतो. रापी, आरी, बोथट टोकाच्या दोन सुया, गोल पंच, दातेरी पंच, लाकडी किंवा नायलॉनचा ठोकणा, बस. लोखंडी हातोड्यानं पंच ठोकू नका, पंचाचं डोकं फुलतं. शिवणीची रेघ मारायला हार्डवेअरच्या दुकानातला दोन टोकांचा कंपास घ्या, कडेपासून सारख्या अंतरावर रेघ मिळते. खाली ठेवायला ग्रॅनाइटचा तुकडा. स्वयंपाकघराचे ओटे बसवणाऱ्यांकडं सिंकच्या भोकातून निघालेला चौकोन पडलेला असतो, मागितला तर देतात. भोकं पाडताना त्याच्यावर जाड रबर टाका, नाहीतर पंचाची धार गेली.

उरलेलं सामान काष्ठौषधीच्या दुकानात आहे, हे मात्र तुम्हाला कोणी सांगणार नाही. गोंद कतिरा घ्या, रात्री पाण्यात टाका, सकाळी फुगून दाट चिकट होतो. तो कडेला लावून जाड कापडानं घासत राहा, कड काचेसारखी होते. परदेशी बाटल्या ज्या कामासाठी विकतात तेच काम. मधमाशीचं मेण, दोऱ्याला आणि कडेला. आणि काळा रंग हवा असेल तर हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार. सालीच्या चामड्यावर हिराकसाचं पाणी फिरवलं की डोळ्यांदेखत काळं पडतं, कारण सालीतला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की काळंच होतं. हात धुतल्याशिवाय दुसऱ्या तुकड्याला लावू नका. याच कारणानं ओल्या चामड्यावर लोखंडी पट्टी ठेवायची नाही, डाग पडला की तो चामड्यासोबतच राहणार. स्टेनलेसची पट्टी घ्या.

उद्यमबाग_टर्नर

मॅडम, तुमचे पंच वाकले म्हणजे ते नुसत्या मऊ लोखंडाचे होते, वरून काळा रंग दिलेला. दातेरी पंच ओएचएनएस स्टीलमधून कापून घ्या, हे तेलात बुडवून कडक करायचं हत्यारांचं स्टील. साधारण 800 डिग्रीला लाल करून तेलात बुडवतात आणि मग दोनशेच्या आसपास परत तापवून कडकपणा थोडा उतरवतात. हे दुसरं काम केलं नाही तर दात वाकणार नाहीत, पण तुटतील. उद्यमबागेतल्या कारखान्यांत वायरकट (विजेच्या तारेनं धातू कापायचं काम) करणारे एक नग सहसा घेत नाहीत. दोन-तीन जण मिळून तीन आणि चार मिलिमीटरच्या अंतराचे करायला दिलेत तर परवडेल.

रापीसाठी पॉवर हॅकसॉचं जुनं ब्लेड बघा, पूर्ण एचएसएसचं (हाय-स्पीड स्टीलचं). हाताच्या करवतीचं नको, ते पातळ असतं. भंगारात मिळतं, ग्राइंडरवर थोडं निळं पडलं तरी कडकपणा जात नाही, हीच एचएसएसची मजा. साध्या स्टीलची रापी असेल तर मात्र पाण्यात बुडवत-बुडवत घासा. धार लावून झाली की फळीवर चामड्याची पट्टी चिकटवून तिच्यावर बफिंगचा (धातूला चकाकी आणायचा) हिरवा साबण चोळा आणि रापी उलटी ओढा. बफिंगवाल्याकडं अर्धी वडी मागितली तरी वर्ष जाईल.

ठोकण्यासाठी पन्नास मिलिमीटरचा नायलॉन रॉड, त्याला दांडा. कुठलाही टर्नर चहा व्हायच्या आत करून देईल.

अथणी_पायताण

नमस्कार ताई. मी अथणीचा, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम हाय. बाहेरच्या माणसाला चामडं देतात का म्हणून विचारलासा. देतोय की. पण माल घ्यायला या, नुसता व्हिडिओ काढायला नगा येऊ. 2025 च्या जूनमध्ये त्या मिलानच्या प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवल्याचं प्रकरण झाल्यापासून रोज कोण ना कोण कॅमेरा घेऊन दारात उभं असतंय. कोल्हापुरीचं जीआय 2019 ला मिळालं तवा त्यात बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर ह्ये चार जिल्हे पण हायत. हे सांगून सांगून तोंड दुखलं, तरी लोकं म्हणतात, तुमची अथणीची म्हणजे डुप्लिकेट काय?

पावसात येऊ नगा. ओलं चामडं वाळत नाही, चांगला माल हातात नसतोय, आणि तुम्हाला पण कसला दाखवायचा. दिवाळीनंतर या. बेळगावहून चिकोडीवरनं या, नाहीतर रेल्वेनं मिरजेला उतरून बस धरा.

आणखी एक. आमच्याकडं वेणी घालणं आणि बारीक शिवण बायकाच करतात, दोऱ्यानं नव्हं, चामड्याच्या वादीनं. तुम्ही बाई माणूस, आमच्या आईजवळ बसलासा तर वादी कशी सारखी काढायची ती दाखवंल. अस्सल चपलेत खिळा नसतोय, सगळं त्या वादीवर. तेवढं शिकलासा तर डायरीचं कव्हर दोऱ्याशिवाय बांधता येतंय. आईला मराठी येतंय, पण मोजमाप सगळं कन्नडात.

टिळकवाडी_चित्रकला

सगळ्यांचे आभार. काष्ठौषधीच्या दुकानाचं तर डोक्यातच आलं नसतं. उकळत्या पाण्याची परीक्षा आज केली. सेटमधला तुकडा आक्रसलाही नाही, वरचा थर सुटून पाण्यावर तरंगला! अथणीच्या दादा, दिवाळीनंतर नक्की येते, कन्नड कामापुरतं येतं.

दोन गोष्टी राहिल्या. दोरा कुठल्या जाडीचा? आणि आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये चपलांनासुद्धा बुरशी येते, तर कातडं घरात ठेवायचं कसं?

निपाणी_पट्टेवाला

दोरा मेण लावलेला पॉलिएस्टरचा. पाकिटाला 0.6 मिलिमीटर आणि भोकांमध्ये तीनचं अंतर. पट्ट्याला 0.8 किंवा 1, अंतर चार-पाच. शिवणीच्या चौपट लांबी तोडून दोन्ही टोकांना सुई ओवायची, एकाच भोकातून दोन्हीकडून सुई जाते. मशीनची टीप एका ठिकाणी तुटली की उसवत जाते, ही उसवत नाही. चांभाराच्या हुकाच्या आरीनं शिवतात ती तऱ्हा वेगळी. ती चपलेला बरी, पाकिटाला नको.

चिकटवायला दुकानात 'सोल्यूशन' मागा. दोन्ही बाजूंना पातळ लावा, हाताला चिकटेनासं झालं की मगच दाबा. ओलं असताना दाबलं तर शिवताना थर सरकतात. खिडकी उघडी ठेवून करा, डोकं धरतं.

कातडं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, आत घाम धरतं. जुन्या सुती साडीत, चकचकीत बाजू बाहेर ठेवून गुंडाळी करा. घडी घालायची नाही, घडीची रेघ जात नाही. ठेवायचं कपाटाच्या वरच्या खणात, भिंतीपासून लांब. पांढरी बुरशी आलीच तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्यानं पुसा, वाऱ्यावर सावलीत ठेवा. उन्हात टाकलंत तर कडक होऊन तडकतं. तेल अगदी बोटभर, तेही एरंडेल, पावसाळा संपल्यावर. पावसाच्या तोंडावर तेल पाजलेल्या चामड्याला बुरशी आधी लागते.

उचगावकर

बक्कल आणि टिचबटणाचं कोणीच बोललं नाही. पितळेचं बक्कल आणि पितळेचा मुलामा दिलेलं बक्कल दुकानात सारखंच दिसतं. लोहचुंबक घेऊन जा. चिकटलं तर आत लोखंड आहे. नाही चिकटलं तरी जस्ताचं ओतीव असू शकतं, म्हणून आतल्या बाजूला कानसेनं जरासं घासून रंग बघा. मी सांगितलेलं धारावीतलं काम यासाठीच होतं, शंभर तऱ्हेचे नमुने हातात घेऊन बघता येतात.