अनुभव धागा: छोट्या व्यवसायाची वेबसाइट बनवून झाल्यानंतरची देखभाल आणि जाहिरात (गोवा)

गोव्यात गेल्या काही वर्षांत होमस्टेपासून काजूच्या दुकानापर्यंत अनेकांनी स्वतःची वेबसाइट बनवून घेतली. ती बनवण्याविषयी सल्ला भरपूर मिळतो; ती चालती कशी ठेवावी आणि तिच्यातून गिऱ्हाईक कसे येते, याविषयी मात्र फार कमी बोलले जाते. मी पणजीत छोट्या व्यावसायिकांचे हिशेब पाहतो. त्यांच्या वह्यांत वेबसाइटवरचा खर्च पहिल्या वर्षी ठळक दिसतो आणि पुढच्या वर्षांत तो रकानाच रिकामा असतो, कारण नूतनीकरण आणि दुरुस्ती कोणी करायची हेच ठरलेले नसते. म्हणून आपण स्वतः काय केले, कशाचा उपयोग झाला आणि कुठे पैसे वाया गेले, ते येथे सविस्तर लिहावे. कंपन्यांची नावे कृपया टाळावीत.

सुरुवात मीच करतो. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा इंटरनेटवरचा पत्ता, मालकाच्याच नावावर आणि मालकाच्याच ईमेलवर नोंदलेले असावे, असे माझे ठाम मत आहे. एका व्यावसायिकाचे डोमेन वेबसाइट बनवणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतले होते. पुढे त्याने तो धंदाच सोडला, मुदत संपत असल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या आणि ऐन डिसेंबरात वेबसाइट बंद पडली. डॉट कॉम डोमेनची मुदत संपली की नोंदणी करणारी कंपनी साधारणपणे नूतनीकरणासाठी काही सवलतीचे दिवस देते, ते जास्तीत जास्त 45. त्यानंतर 30 दिवस जादा शुल्क भरून डोमेन परत घेता येते, आणि मग ते कोणालाही विकत घेता येते. हे सारे हक्क नोंदीत ज्याचे नाव असते त्याचे. धंदा ज्याचा आहे त्याला तेथे काहीच करता येत नाही. त्या व्यावसायिकाला फलक, पावतीपुस्तके, पाकिटे, सगळे नव्याने छापावे लागले.

मांद्रे, होमस्टे

आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न खोलीबद्दल नसतो, वाटेबद्दल असतो. मोपाचा विमानतळ 5 जानेवारी 2023 रोजी सुरू झाला, तेव्हापासून तर हे फारच जाणवते. दाबोळीच्या जुन्या विमानतळावर उतरलेल्या माणसाला मांद्र्याला येण्यासाठी झुवारी, मांडवी आणि शापोरा या तिन्ही नद्या ओलांडाव्या लागतात, आणि मोपा तर आमच्याच पेडणे तालुक्यात आहे. तिकिटावर जीओआय म्हणजे दाबोळी आणि जीओएक्स म्हणजे मोपा, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. आम्ही वेबसाइटवर या दोन्ही अक्षरांचा अर्थ, दोन्हीकडून येण्याचा मार्ग आणि रात्री उशिरा उतरणाऱ्यांसाठी टॅक्सीची सोय यांचे एक वेगळे पान केले. ते पान आमच्या खोल्यांच्या फोटोंपेक्षा जास्त वाचले जाते, आणि ते वाचून फोन करणारा माणूस बहुतेक वेळा खोली आरक्षित करूनच फोन ठेवतो.

दुसरे काम पावसाळ्याचे. जून ते सप्टेंबर पाहुणे कमी असतात, म्हणून दर, फोटो आणि नियम त्याच काळात तपासून घेते. पावसातले फोटोही मुद्दाम ठेवले आहेत. जुलैत येणाऱ्याला खवळलेला समुद्र आणि बंद शॅक आधीच दिसले की तो नाराज होऊन परत जात नाही, आणि त्यामुळे वाईट अभिप्रायही येत नाही. 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखालचा आमचा नोंदणी क्रमांक पहिल्याच पानावर आहे. आगाऊ पैसे भरताना फसवणुकीची धास्ती वाटणाऱ्यांना त्याचा आधार वाटतो.

म्हापसा, काजू आणि मसाले

गुगलच्या व्यवसाय खात्यातून पूर्वी एक साधी वेबसाइट फुकट बनवता येत असे. आमची तीच होती, आणि तिचा क्यूआर कोड आम्ही पाकिटांवर छापत असू. मार्च 2024 मध्ये गुगलने त्या सगळ्या वेबसाइट बंद केल्या. 10 जूनपर्यंत जुना पत्ता उघडणाऱ्याला आमचे गुगलवरचे व्यवसायाचे पान दिसत होते, त्यानंतर काहीच नाही. पाकिटे तर गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचलेली होती. आता क्यूआर कोड आमच्या स्वतःच्या डोमेनवरच्या एका छोट्या पत्त्याकडे जातो. तो पत्ता पुढे कुठे न्यायचा हे आमच्या हातात राहते, छपाई बदलावी लागत नाही.

जाहिरातीविषयी सांगायचे तर, सगळ्यात उपयोगी पडला तो प्रतवारी समजावून सांगणारा मजकूर. डब्ल्यू 240 म्हणजे एका पौंडात, अर्थात सुमारे 454 ग्रॅममध्ये, 240 पर्यंत गर आणि डब्ल्यू 320 म्हणजे 320 पर्यंत. आकडा जितका लहान तितका गर मोठा. हे साध्या मराठीत आणि इंग्रजीत लिहून शेजारी तळहातावर ठेवलेल्या दोन्ही प्रतींचे फोटो लावले. सालीसकट भाजलेल्या काजूची साल काळपट का दिसते, हेही लिहिले. लग्नाच्या आणि दिवाळीच्या भेटींसाठी घाऊक चौकशी करणारे या पानावरूनच येतात आणि नेमकी प्रत सांगून मागणी नोंदवतात.

मडगाव, घरगुती केक

मला वेबसाइटची गरज भासली नाही. व्हॉट्सअॅप बिझनेसवरचा कॅटलॉग आणि गुगल नकाशावरची नोंद एवढ्यावर माझे काम चालते. नाताळच्या आधी मागण्या घेणे कधी बंद होणार, ती तारीख मात्र दोन्हीकडे एकाच दिवशी बदलते.

फोंडा, वेबसाइटची देखभाल करणारा

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक वेबसाइट वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीवर असतात आणि त्यांचे दुखणे बहुधा सारखेच असते: प्लगइन (जोडीची छोटी सॉफ्टवेअर) जुने, पासवर्ड सगळ्यांना ठाऊक आणि बॅकअप त्याच होस्टिंगवर, म्हणजे वेबसाइट ठेवलेल्या भाड्याच्या जागेवर. होस्टिंगचे खातेच बंद झाले तर बॅकअपही त्याच्याबरोबर जातो, म्हणून एक प्रत मालकाच्या स्वतःच्या ड्राइव्हवर असलीच पाहिजे, आणि ती खरोखर उघडते का, हेही अधूनमधून पाहिले पाहिजे. एका दुकानदाराला कळेना की गुगलवर त्याच्या नावाखाली जपानी अक्षरे का दिसतात. वेबसाइट उघडली तर सगळे ठीक दिसत होते. आत शिरलेल्या माणसाने हजारो बनावट पाने फक्त शोधयंत्राला दिसतील अशी पेरून ठेवली होती. सर्च कन्सोल या गुगलच्या वेबसाइट-मालकांसाठीच्या सेवेत त्या दुकानदाराचे खाते असते, तर हा इशारा त्याला तेथे मिळाला असता.

संपर्काच्या फॉर्मकडेही लक्ष द्यावे. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने आपल्याकडे येणाऱ्या ईमेलसाठी एसपीएफ किंवा डीकेआयएमची नोंद (ईमेल खरोखर त्याच डोमेनवरून आला आहे हे पटवणारी) सक्तीची केली. ज्यांच्या डोमेनवर ती नाही, त्यांच्या फॉर्ममधून गेलेली चौकशी स्पॅममध्ये पडते किंवा पोहोचतच नाही, आणि मालकाला वाटते की गिऱ्हाईकच येत नाही. दर महिन्याला स्वतःच फॉर्म भरून पाहावा. ज्या मालकांनी ही सवय लावून घेतली, त्यांचे नुकसान लवकर लक्षात आले.

डिचोली, चिकणमातीच्या गणेशमूर्ती

आमचे सारे काम चवथीभोवती फिरते. मुंबई-पुण्याहून गावी येणारी कुटुंबे मूर्ती आधी सांगून ठेवतात, म्हणून मूर्तींची उंची, दर आणि नोंदणीची शेवटची तारीख वेळेवर चढवणे हीच आमची जाहिरात. मजकूर मराठीत आहे, पण लोक फोनवर रोमन अक्षरांतही शोधतात. त्यासाठी शीर्षकात गावाचे नाव दोन्ही लिप्यांत ठेवले. चवथ झाल्यावर पान काढून टाकत नाही. त्याच पत्त्यावर पुढच्या वर्षाची माहिती चढवतो, त्यामुळे जुने गिऱ्हाईक जपून ठेवलेल्या दुव्यावरूनच परत येते.

वास्को, मोटार ड्रायव्हिंग स्कूल

एका जाहिरात संस्थेने आमच्या पोस्ट पैसे भरून सर्वदूर पोहोचवल्या. पसंती देशभरातून आल्या, शिकायला कोणीही आले नाही. नंतर त्याच रकमेत फक्त मुरगाव तालुक्यापुरती जाहिरात दिली आणि फोन वाजू लागले. अभिप्रायासाठी मात्र आम्ही कोणाला सवलत देत नाही, कारण गुगलच्या नियमांत ते बसत नाही आणि तसे अभिप्राय काढून टाकले जाऊ शकतात. परवाना हातात आलेल्या विद्यार्थ्याला त्याच दिवशी दुवा पाठवतो, तेवढे पुरते.

धागाकर्ता

काहींनी खाजगीत विचारले की डोमेन दुसऱ्याच्या नावावर असेल तर आता काय करावे. संबंध चांगले आहेत तोवरच लेखी मागणी करावी. जुन्या माणसाकडून हस्तांतरणाचा कोड घ्यावा, डोमेनवरचे (हस्तांतरण रोखणारे) कुलूप काढून घ्यावे आणि नव्या खात्यात आपला ईमेल व मोबाइल टाकावा. डॉट कॉमच्या बाबतीत नवी नोंदणी किंवा आधीचे हस्तांतरण होऊन 60 दिवस झाले नसतील, तर हे काम अडते. म्हणून ऑक्टोबरात हंगाम सुरू होण्यापूर्वी, जमल्यास जुलैतच, ते उरकून घ्यावे.