मदत हवी आहे: चामड्या-क्रोमच्या जुन्या खुर्चीचं आसन आणि गंज (पुणे)

नमस्कार मंडळी,

बाबांच्या खुर्चीसाठी जाणकारांची मदत हवी आहे. वाकवलेल्या चकचकीत पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेले काळ्या चामड्याचे रुंद पट्टे. डिझायनर मार्सेल ब्रॉयर यांनी 1925 साली जर्मनीतल्या देसाऊच्या बाउहाउस या कला-शाळेत असताना सायकलच्या हँडलवरून ही कल्पना उचलली, तेव्हा ते जेमतेम तेवीस वर्षांचे होते. पुढे तिला 'वासिली' हे नाव मिळालं. सुरुवातीला पट्टे कापडाचे असत. 1960 च्या दशकात इटलीत ती पुन्हा बनू लागली तेव्हा चामडं आलं. त्यामुळे आमची काही त्या पहिल्या काळातली नव्हे, आणि तिच्यावर कुठला शिक्काही सापडला नाही. 1979 मध्ये पिंपरीतल्या एका कारखान्यातून मायदेशी परत जाणाऱ्या इंजिनियरकडून बाबांनी ती घेतली. विकायची नाही, तेव्हा किमतीचा प्रश्न नाही. बाबा आता 81 वर्षांचे आहेत आणि त्यांना तिच्यातच बसायचं आहे.

आसनाचा पट्टा मागच्या बाजूला शिवणीपाशी फाटलाय. दोन वर्षांपूर्वी सोफा दुरुस्त करणाऱ्या एकाने तो बदलून दिला, पण सोफ्याचं मऊ, पातळ कातडं वापरलं. चार महिन्यांत त्याची झोळी झाली. पाठीचा मूळ पट्टा मोजला तर साडेतीन मिलिमीटर भरला, कडक आहे, कमरेच्या पट्ट्यासारखा. असं जाड, न ताणणारं कमावलेलं कातडं पुण्यात सलग 50 सेंटिमीटर रुंदीचं कुठे मिळेल? आणि ते हाताने, मेणाच्या दोऱ्याने शिवून देणारं कुणी माहितीत आहे का?

आता गंज. ही खुर्ची पायांवर नाही, जमिनीवर टेकलेल्या दोन आडव्या नळ्यांवर उभी असते. वरचा सगळा क्रोम आरशासारखा आहे, पण फरशी पुसताना रोज पाणी लागून लागून खालच्या नळ्यांवर तपकिरी ठिपके आलेत. क्रोमचा थर अगदी पातळ असतो, त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी आत जातं आणि खालचं लोखंड गंजतं. ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासला, तर बरेच ठिपके गेले. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे आले नाहीत. (तारेचा ब्रश कृपया कुणी वापरू नका.) तरी काही खड्डे खोल आहेत.

भोसरीत एका प्लेटिंगवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, सगळी खुर्ची उघडून द्या, जुना थर ॲसिडमध्ये उतरवू, बफिंग करू, मग निकेल आणि क्रोम. माझं घोडं इथेच अडलंय. नळ्या मोकळ्या करायच्या तर खुर्चीच्या हातांवरचे पट्टेही उसवावे लागणार. डाव्या हातावर बाबांच्या तळव्याने चामडं गुळगुळीत, तपकिरी झालंय, कडेला त्यांच्या अंगठ्याची खळगी पडलीये. चाळीस वर्षं ते तिथेच हात ठेवून पेपर वाचतात. टाके काढले तर जुनी भोकं फाटतील अशी भीती वाटते. बाबांचं म्हणणं एकच: "आसन नवं कर, पण हाताला हात लावायचा नाही."

सांगाडा अखंड नाही, नळ्यांचे तुकडे स्क्रूने जोडलेत. मग फक्त खालचे तुकडे काढून प्लेटिंग करून घेता येईल का? नव्या-जुन्या क्रोममध्ये फरक दिसेल का? मला थोडा दिसला तरी चालेल. एक स्क्रू पार धरलाय, दोन दिवस तेल सोडूनही हलला नाही. जोर लावून त्याची खाच खराब करायची नाही, म्हणून थांबलेय. नाना पेठेत जुन्या बुलेट-येझदीची कामं करणाऱ्यांकडे जावं का?

आणि पावसाळ्यात पाठीच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी येते. आई खोबरेल लावायची, त्याने चामडं चिकट होऊन धूळ धरतं. दुसरं काय लावता?

भर: रेक्झिन सुचवणाऱ्यांचे आभार, पण बाबांना उन्हाळ्यात ते अंगाला चिकटतं. तो विचार नाही.

भर 2: नुसते फोटो पाहून दुरुस्तीचं खात्रीने सांगता येणार नाही असं प्रतिसादांत म्हणालात, ते पटलं. आम्ही प्रभात रोडला राहतो. कुणाला प्रत्यक्ष पाहायला येणं जमत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. दुपारी चारनंतर बाबा जागे असतात, आणि खुर्चीविषयी बोलायला त्यांना फार आवडतं.