फ्रेझल व्हर्बच्या याद्या पोरांकडून घोकून घेणं बंद करा

मांजराकाठ (लातूर):
पुतणी बारावीला आहे. परवा तिच्या वहीत दोनशे फ्रेझल व्हर्बची, म्हणजे ऑफ, आउट, अप असं काही जोडलं की अर्थ बदलणाऱ्या इंग्रजी क्रियापदांची, यादी बघितली. पुट ऑफ म्हणजे पुढं ढकलणे, पुट आउट म्हणजे विझवणे, पुट अप विथ म्हणजे सहन करणे. पोरगी पाढे म्हटल्यासारखी घडाघडा म्हणून दाखवते, आणि एक वाक्य कर म्हटलं की गप्प.

माझं मत स्पष्ट आहे. हे शिकवूच नका. पोस्टपोन, टॉलरेट, एक्स्टिंग्विश हे शब्द आहेतच की. एक शब्द, एक अर्थ, घोळ नाही.

मी स्वतः पोळलोय. पुण्यात नोकरीला लागून महिना झाला होता. शुक्रवारी कॉलवर सर्व्हरच्या अपग्रेडचं बोलणं चाललेलं. साहेब म्हणाले, "पुट इट ऑफ टिल मंडे." 'लाइट पुट ऑफ कर' ऐकत वाढलेला मी. त्यांचं 'इट' म्हणजे अपग्रेड, माझं 'इट' म्हणजे सर्व्हर. सोमवारपर्यंत बंद ठेवायचा म्हणून बंद केला आणि लातूरची गाडी पकडली. कुर्डुवाडी यायच्या आत एकवीस मिसकॉल.

झेडपीचा मास्तर (कंधार):
अहो, तुमची गोष्ट तुमच्यावरच उलटली की. तुम्ही पोस्टपोन म्हणाल, पण साहेबांनी काय म्हणावं हे तुम्ही कसं ठरवणार? बोलणारा त्याच्या सवयीनं बोलतो. कळून घ्यायचं काम ऐकणाऱ्याचं.

आणि हे काही परग्रहावरून आलेलं नाही. 'अंग' आणि 'येणे' घ्या. नवरात्रात बाईच्या अंगात येतं. मोकाट वळू अंगावर येतो. नको तो उद्योग अंगाशी येतो. तीनदा तेच अंग, तेच येणे, मधला एवढासा प्रत्यय बदलला की देवीचा वळू झाला आणि वळूचा तोटा. इंग्रजीत तो एवढासा भाग क्रियापदाच्या मागं लागतो, इतकंच. गिव्ह अप, गिव्ह इन, गिव्ह अवे. वर्गात मी आधी हे अंग फळ्यावर लिहितो, मग पोरं भीत नाहीत.

उडीदमूग (हिंगोली):
मास्तर, तुमाला अंगात येणं कुणी शिकवलं? यादी दिलती का कुणी? आमचे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. ते राज्य सप्टेंबर १९४८ पर्यंत होतं. पण त्यांची खरी उर्दू बाजारात आली, मोंढ्यात आली. भाषा अशीच येती. आमच्या पोरांना इंग्रजी बोलणारं माणूस भेटतं कुठं? मग कामून घोकू लालेत ते? पेपरात दोन मार्काला येतं म्हणून. मी मांजराकाठ यांच्या बाजूनं.

उमरग्याची सिस्टर:
मी सात वर्षं झाली आयर्लंडमध्ये नर्स आहे. तुमच्या 'एकेरी शब्दांनी' माझं काय झालं ते सांगते.

नर्सिंगला सगळे भारी शब्द पाठ होते. व्हॉमिटिंग, अनकॉन्शस, अ‍ॅनेस्थेशिया. पहिल्याच आठवड्यात एक आजी म्हणाल्या, "आय थ्रू अप ट्वाइस." मी विचारलं, काय फेकलं? मागचा डॉक्टर हसला नाही हे त्याचे उपकार. पेशंट सहसा व्हॉमिट म्हणत नाही. त्याला भोवळ आली की 'पास आउट', शुद्धीवर आला की 'कम राउंड', गेला की 'पास अवे'. आउट आणि अवे मध्ये जिवंत-मेल्याचा फरक आहे, भाऊ. आपल्याकडं तर 'मी २०१९ ला पास आउट झालो' म्हणजे डिग्री घेतली. इथं एका मैत्रिणीनं तसं सांगितलं तर समोरच्यानं विचारलं, आता बरं वाटतंय का.

पुस्तकी इंग्रजीत आपण गोऱ्या साहेबालाही हार जात नाही, पण दुखतंय खुपतंय हे माणूस घरच्या भाषेत सांगतो, आणि त्यांची घरची भाषा ही अशी आहे.

खाम नदी (संभाजीनगर):
जरा भर घालतो. ही कटकट इंग्रजांनाही माहीत होती. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ च्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की क्रियापदाला असं शेपूट जोडायची पद्धत परक्यांना सगळ्यात जड जाते. लॅटिन-फ्रेंचकडून आलेले शब्द कचेरीत बसले, ही जोडाजोडी घरात राहिली. इंग्रजी आपल्याकडं कचेरीतून आलं, म्हणून आपल्या अर्जाला 'काइंडली डू द नीडफुल' चिकटलं आणि 'थ्रो अप' आलंच नाही.

मांजराकाठ (लातूर):
सिस्टर, तुमचं पटलं. पण आमची सगळी पोरं आयर्लंडला जाणार नाहीत. शिवाय यादीत 'थ्रो अप' होतं, अर्थासकट. पुतणीला विचारलं, 'थ्रो अप' म्हणजे काय, तर म्हणाली, "ओकणे." मग पोट बिघडलं तर डॉक्टरला इंग्रजीत काय सांगशील? "आय अ‍ॅम व्हॉमिटिंग." मग यादीचा उपयोग काय?

झेडपीचा मास्तर (कंधार):
यादीचं मीही समर्थन करत नाही. यादी हा आळशी मास्तरचा धंदा आहे, आणि हे मी मास्तर असून बोलतोय. पण एक गोष्ट शिकवल्याशिवाय येत नाही. 'पुट ऑफ द मीटिंग' चालतं, 'पुट द मीटिंग ऑफ' पण चालतं, पण मीटिंगचं 'इट' झालं की ते मधेच बसणार: 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' म्हटलं की गेलं. आणि 'लुक आफ्टर' मध्ये उलटं, 'लुक आफ्टर इट', मधे काही शिरू द्यायचं नाही. मोंढ्यात बसून हे कळायला किती वर्षं जातील, उडीदमूगराव?

उडीदमूग (हिंगोली):
चुकलं तर चुकू द्या की. 'पुट ऑफ इट' म्हटल्यानं कुणाचा सर्व्हर बंद पडला नाही. बरोबर म्हटल्यानं पडला. 😄

उमरग्याची सिस्टर:
हे मात्र खरं! मी अजून चुकते. पण मी शिकले कशी ते सांगते. वही केली, पण इंग्रजीची नाही, मराठी क्रियापदाची. एक पान 'उतरणे'चं. भूल उतरली, तर 'वेअर ऑफ'. ताप उतरला, तर 'गो डाउन'. दारू उतरली, तर 'सोबर अप', म्हणजे आपण खाली येतो तिथं ते वर जातात. गाडीतून उतरली तर 'गेट आउट', पण बसमधून उतरली तर 'गेट ऑफ'. पेशंटचं तोंड उतरलं याला अजून शब्द सापडला नाही, ती जागा मोकळी आहे.

झेडपीचा मास्तर (कंधार):
सिस्टर, ते पान फोटो काढून टाका इथं. उद्या आठवीला घेतो.

मांजराकाठ (लातूर):
टाका. पुतणीला पण दाखवतो. पण मास्तर, पोरांकडून पाठ करून घेऊ नका.