मदत हवी आहे: एकाच शहरात दोन ठिकाणी नऊ अंशांचा फरक, फ्रंटमुळं का?

शहागंजचा_पक्या:
प्रोजेक्टसाठी संभाजीनगरात दोन सेन्सर लावलेत. एक शहागंजात घराच्या गच्चीवर, दुसरा सातारा परिसरात मामाकडं. दोन्हींत नऊ अंशांचा फरक आलाय. सेन्सर खराब नाहीत, शेजारी ठेवून तपासलेत. मॅडम म्हणाल्या वेदर फ्रंट (गार आणि उबदार हवेमधली सीमा) असेल, वाचून लिही. नेटवर सगळं युरोप-अमेरिकेचं. सोमवारी द्यायचंय. लवकर सांगा.

रिटायर्ड_भूगोल:
फरक पहाटेचा की दुपारचा? महिना कोणता? सेन्सरला सावली आहे का? जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, हवा खेळती राहील असा लागतो. गच्चीवर म्हणजे खाली तापलेला स्लॅब.

चुनावाला:
गच्चीला पांढरा चुना मारून घे. आमच्याकडं खोली लई गार राहायली.

ढगवेडा:
चुन्याचं कोण विचारायलंय? पक्या, हा हिवाळ्यातला खेळ दिसतोय. उत्तरेत पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारा कमी दाबाचा पट्टा, आला की कधीकधी आपल्याकडंही ढग येतात, रात्री उबदार होतात आणि शहागंज काय, सातारा काय, आकडे जवळजवळ सारखेच. तो सरकला की उत्तरेचा गार वारा. वारा आहे तोवरही हवा घुसळली जाते, फरक वाढत नाही. वारा पडला, आभाळ निरभ्र झालं की साताऱ्याकडचं मोकळं रान भराभर निवतं आणि शहागंजकडच्या जुन्या शहराच्या भिंती दिवसाची ऊब सोडत बसतात.

परभणीकर:
थंडीचं आम्हाला विचारा. आमच्याकडं कृषी विद्यापीठाचा आकडा वेगळा, हवामान खात्याचा वेगळा. पेपरात कमी असेल तो छापतात.

रिटायर्ड_भूगोल:
ढगवेडा, महिना कळायच्या आत निदान? आणि खरे शीत-उष्ण फ्रंट मध्य अक्षांशातले. ते शहरावरून जाताना एक टोक गार झालेलं, दुसरं अजून उबदार, असा फरक थोडा वेळ दिसतो. मराठवाड्यात तसला फ्रंट येत नाही.

ढगवेडा:
सर, येतो असं मी कुठं म्हणालो? मागचा गारठा येतो म्हणालो.

शहागंजचा_पक्या:
हिवाळा कुठून काढला? मे महिना आहे, दुपारी पावणेपाच. ग्राफवर तारीख-वेळ आहे की. सातारा २९.५, शहागंज ३८.५. वीसेक मिनिटांत शहागंजही ३०. आमच्याकडं थेंब पडला नाही.

परभणीकर:
कोणता ग्राफ? धाग्यात नाही काही.

ढगवेडा:
मग गोष्टच वेगळी. मामाकडं वळीव झाला का? मे महिन्यात खालची हवा कोरडी असते, ढगातला पाऊस वाटेतच सुकायला लागतो. त्यात हवेची उष्णता जाते, ती गार-जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडं पसरते. तिची पुढची कड म्हणजे गस्ट फ्रंट. धुळीचा लोट दिसतो तोच. ती कड आधी साताऱ्यात पोचली, मग शहागंजात. पाऊस तिथवर पोचायची गरज नाही.

रिटायर्ड_भूगोल:
हे पटतं. पण नुसत्या तापमानावर सिद्ध होणार नाही. आर्द्रता एकदम चढली का, वाऱ्याची दिशा फिरली का, दाब किंचित वाढला का बघ. आणि चिकलठाण्याच्या वेधशाळेची त्या दिवसाची नोंद मिळव.

पैठणचा_बागायतदार:
त्याच वाऱ्यानं आमच्या केसरच्या कैऱ्या झोडल्या. पंचनाम्याला कुणाकडं जावं?

परभणीकर:
तलाठ्याकडं. फोटो काढून ठेवा, कैऱ्या उचलू नका.

शहागंजचा_पक्या:
मामी म्हणाली गारा पण पडल्या. आर्द्रता दोन्हीकडं चढलीय, साताऱ्यात आधी. वारा मोजलाच नाही. मग मॅडमचा फ्रंट बरोबर की चूक, एका ओळीत सांगा ना.

रिटायर्ड_भूगोल:
फ्रंट आहे, पुस्तकातला नाही. ग्राफ चढव आधी.

चुनावाला:
चुन्यात फेविकॉल घालायचं, म्हणजे पहिल्या पावसात धुऊन जात नाही.