डेन्व्हरची अ‍ॅव्हलांच टीम आधी कॅनडातल्या क्यूबेकमध्ये होती का?

डेन्व्हरमधला_नवखा: काल पहिल्यांदा आइस हॉकीची मॅच बघितली, शेजारचे आजोबा निळी नॉर्डिक्सची जर्सी घालून आलेले, म्हणे हीच खरी टीम. काय भानगड आहे?

बर्फगोळा: अरे तीच टीम ती, नॉर्डिक्स हे अ‍ॅव्हलांचचं जुनं नाव. १९७२ ला क्यूबेक सिटीत सुरू झाली, १९७९ ला एनएचएल या मोठ्या हॉकी लीगमध्ये आली, पण गाव छोटं, कॅनडाचा डॉलर पडलेला आणि खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये, मग १९९५ ला विकली नि थेट डेन्व्हर. आणि पहिल्याच सीझनला स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद! क्यूबेकवाल्यांच्या जखमेवर मीठच.

कटिंग_चहा: तो खेळाडू एरिक लिंड्रॉस राहिला की. १९९१ ला ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात तिथे) पहिल्या नंबरवर घेतला, पण पठ्ठ्या क्यूबेककडून खेळायलाच तयार नाही, वर्षभर अडून बसला, शेवटी १९९२ ला फिलाडेल्फियाला दिला आणि बदल्यात फोर्सबर्गसकट खेळाडूंची फौज प्लस दीड कोटी डॉलर. माझ्या मते तो कप तिथेच जिंकला.

बर्फगोळा: हो पण गोली (गोलकीपर) पॅट्रिक रॉय? डिसेंबर १९९५ मध्ये मॉन्ट्रियलने अ‍ॅव्हलांचला देऊन टाकला त्याला. टीम क्यूबेकलाच असती तर कट्टर वैऱ्याला दिला असता होय?

डेन्व्हरमधला_नवखा: बापरे. आता ती निळी जर्सी कुठे मिळेल ते सांगा